डावीकडे कललेले खिळे

४ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

नमस्कार.

मंगळवारी सकाळी देवासमोरून उठलो, चहाही न घेता शेडचं दार उघडलं आणि एका जुन्या होडीवरचा रंग खरवडायला बसलो. उठलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. बायको म्हणाली, "होडीशी बोलता त्याच्या पावपट माझ्याशी बोललात तरी माझं भागेल."

ही होडी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या नौका क्लबातून आली आहे. क्लब बंद पडला, भंगार निघालं, त्यातून एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी ती उचलली. शाळेच्या दालनात टांगायची म्हणतात, आणि खाली पाटी लावायची: होडी किती वर्षांची, कुठे बांधलेली. "दाखला लेखी हवा, सहीनिशी," असं दोनदा म्हणाल्या. बाई तशा कमी बोलतात. पण होडी गाडीतून उतरवताना हमालाला त्यांनी बाजूला सारलं आणि एक टोक स्वतः धरलं.

लांबी सोळा फूट, बरगड्या सत्तेचाळीस. देवदाराच्या पातळ फळ्या, वर जाड कापड, त्यावर रंगाचे पाच थर. पुढच्या टोकाला, नाळेवर, बांधणाऱ्याचा आकडा ठोकलेला असतो तिथे आकडाच नाही. चौकोनी खाच पाडून लाकडाचा तुकडा असा बेमालूम बसवलाय की नखालाही लागत नाही, फक्त लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. असं काम करणारे हात मी दोनच पाहिले. एक बाबांचे, एक तुमचे.

पलीकडच्या काठच्या त्या नावाड्याने भर नदीत बाबांच्या होडीला धडक देऊन त्यांच्या डोक्यात वल्हं घातलं, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. बाबांकडून शिकायचं राहिलंच. रंधा धरण्यापासून सगळं तुम्ही शिकवलंत, म्हणून विचारायचं तेही तुम्हालाच. आकडा कोण काढतं, आणि का?

थंडीत गुडघे सांभाळा.

तुमचा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. मग तिच्या हातातून घेऊन मी स्वतः भिंग लावून वाचलं. तिसऱ्या मजल्यावर कोंडून घातलेल्या म्हाताऱ्याला लाकडाचा नुसता वास आला तरी बरं वाटतं.

होडी सत्तर वर्षांची आहे. तलावाकडच्या कारखान्याची. ते लोक नाळ अशीच उंच काढत. कारखाना बुडाला तेव्हा कामगारांनी अर्धवट होड्या आकडे काढून परभारे विकल्या. झालं, एवढंच आहे. पाटीवर लिही, सत्तर वर्षं, तलावाकडची बांधणी. शाळेतली पोरं काय पाटी वाचणार आहेत! त्यावर पेन्सिलीने मिशा काढतील.

आता खरवडणं थांबव. तू लहानपणापासून उकऱ्या. गुडघ्यावरची खपली वाळायच्या आत काढायचास आणि मग रक्त आलं म्हणून रडत माझ्याकडे यायचास. जुनं कापड फाटलं तर फळ्या सुटतील. वरून रोगणाचे दोन हात मार आणि देऊन टाक.

माझा धाकटा बरा आहे. मालट्रकच्या डेपोत मुकादम झालाय. त्याचा हात अजून तसाच, आधी मारतो, मग विचारतो.

तुझा काका

१९ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

नमस्कार.

तुमचं ऐकलं नाही, माफ करा. कापड काढलं.

काका, होडी तलावाकडची नाही. आपल्या शेडमधली आहे. बाबा बरगड्यांमधलं अंतर पट्टीने मोजत नसत, मूठ ठेवून मोजत. लोक हसायचे. शनिवारी मी माझी मूठ बरगड्यांच्या मध्ये ठेवली. एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. प्रत्येक ठिकाणी बसली, हाडाला हाड लागावं तशी. माझी मूठ त्यांच्यासारखी आहे असं आई म्हणायची. पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला, जिथे कुणाचाच कुंचला पोचत नाही, तिथे हिरवा रंग सापडला. बाबांची शेवटची होडी हिरवी होती.

पण ती तर बुडाली. धडक बसून फुटली आणि धारेला लागली, हे तुम्ही काठावरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत. मी बाहेरची एकेक फळी चाचपली. धडकेची खूण कुठेच नाही. मोडल्या होत्या त्या तीन बरगड्या. सातवी, आठवी, नववी. त्याही आतून, वरून खाली काहीतरी जड आदळून. जुन्या बरगड्या आतून फळ्यांत दाबल्या गेल्याचे ठसे आहेत. त्यांच्या फटींत काळं काहीतरी खोल मुरलंय, साबणाने जात नाही.

त्या तीन जागी नव्या बरगड्या आहेत, आणि त्यांचे खिळे डावीकडे कललेत.

हे मी तुम्हाला काय समजावणार! खिळा बाहेरून ठोकायचा, आतून दुसऱ्या हाताने लोखंडी ठोकळा धरायचा. टोक ठोकळ्यावर आपटून वळतं आणि परत लाकडात शिरतं. उजव्या हाताच्या माणसाचं उजवीकडे कलतं. नदीच्या दोन्ही काठांवर डावखुरा सुतार एकच होता.

आधी मला आनंद झाला. म्हटलं, काकांनी बाबांच्या होडीला हात लावला होता, विसरले असतील. मग दुपारी रंधा मारता मारता आठवलं. बाबा तुम्हाला त्यांच्या होडीत खिळा मारू देत नसत. रंधा तुमचा, खिळे त्यांचे. चुकून तुम्ही मारलाच तर ते उपटून काढत. म्हणजे हे खिळे बाबा गेल्यानंतरचे आहेत.

काका, बुडालेल्या होडीची दुरुस्ती तुम्ही कधी केलीत?

मला हे नीट समजावून सांगा. मी वाट पाहतो.

बारक्या

२६ फेब्रुवारी

बारक्या,

आपल्या धंद्यातल्या सगळ्या होड्या सारख्याच दिसतात. आणि तुझी मूठ काय देवाने घडवलेली फूटपट्टी आहे?

ती होडी अपशकुनी आहे. जाळून टाक. बाईला सांग, रोगण पेटलं. दाखला देऊ नकोस. तुला मी वाढवलं, खाऊ घातलं, हातात हत्यार दिलं, त्या बदल्यात आजवर काही मागितलं नाही. हे मागतो.

तुझ्याच्याने होणार नसेल तर धाकट्याला पाठवतो.

काका

१३ मार्च

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

काल इस्पितळात येऊन गेले, तुम्ही झोपला होता. तुमच्या पत्नीने सगळं सांगितलं. शाळेसाठी आणलेल्या माझ्या होडीसाठी तुम्ही हात मोडून घेतलात, तेव्हा आता माझं लपवणं शोभत नाही.

मी पलीकडच्या काठच्या नावाड्याची मुलगी. ज्याला तुमच्या काठच्या लोकांनी उताराच्या पायऱ्यांवर ठेचून मारलं, त्याची. तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईने मला वल्ह्यांच्या ढिगामागे दाबून धरलं होतं, पण डोळे झाकायला तिचा हात मोकळा नव्हता. मी सगळं पाहिलं. आधी लाठ्या. गुडघे फुटल्यावर ते बसले. बसल्यावर दगड. आमचं घर पेटवलं तेव्हा आत बांधलेली शेळी ओरडत होती. बाबा ओरडायचे थांबल्यावरही ती ओरडत होती.

मार खाताना ते एकच सांगत होते. "होडी शेडमध्ये आहे! काल दुपारी मी पाहिली! जाऊन बघा!" एकजणही बघायला गेला नाही. नदी ओलांडायला दहा मिनिटं लागतात.

मी वीस वर्षं ती होडी शोधते आहे. ही तीच का, हे मला ठाऊक नव्हतं. सांगू शकेल असे तुम्ही एकटेच. मी कोण ते आधी सांगितलं असतं तर तुमचे हात बिचकले असते, म्हणून बोलले नाही.

दाखला द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी पुन्हा विचारणार नाही.

नावाड्याची मुलगी

२० मार्च

काका,

अक्षर वाकडं आहे. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताने लिहायला शिकतोय. रेघा आपोआप डावीकडे पडतात.

धाकटा आठ तारखेला दुपारी आला. मोटारसायकल लावली, मागून कुऱ्हाड काढली. मी म्हटलं, "ये, पाणी घे." तो म्हणाला, "पाणी नंतर. आधी ती पेटवायची लाकडं कुठायत?" मी होडीसमोर उभा राहिलो. "बारकूदादा, बाजूला हो. बापाचं ऐकायचं म्हणजे ऐकायचं." मी म्हटलं, "तुझ्या बापाने सांगितलं, माझ्या बापाचं कोण सांगणार?" त्यावर त्याने मागच्या टोकावर पहिला घाव घातला. फळीचा आवाज ऐकून मी होडीवर आडवा पडलो. त्याने कुऱ्हाड उलटी करून दांडा मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. मग त्याने बरगडीत लाथा घातल्या. माझ्या, होडीच्या नव्हे. दोन गेल्या.

बायकोने बरगड्या वाकवायच्या वाफेच्या पेटीखालचं उकळतं पाणी तांब्याने त्याच्या पायांवर फेकलं. कातडी सोलली गेली. तो किंचाळत मोटारसायकलवर बसला. त्याचे पाय बरे होवोत, हे मी रोज देवाजवळ मागतो. खरंच मागतो.

बाई भेटल्या. त्या कुणाची मुलगी, ते कळलं.

आता पायऱ्यांचं. मी ते तुमच्याशी कधी बोललो नाही, तुम्हीही नाही. बाबांचं प्रेत सकाळी बांधापाशी सापडलं. डोकं एका बाजूने आत गेलं होतं, चेंडू दाबावा तसं. त्याच दुपारी तुम्ही मला हाताला धरून नावेत घातलंत. नावाडी पायऱ्यांवर बसलेला होता, एक डोळा बाहेर आलेला. तुम्ही वाकून दगड उचललात, माझ्या तळहातावर ठेवलात, बोटं मिटवलीत आणि म्हणालात, "तुझ्या बापासाठी." मी नेम धरला. दगड कानशिलावर लागला. तो कलंडला आणि परत उठला नाही. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

अडतीस वर्षं मी रोज सकाळी देवासमोर बसतो. त्या माणसासाठी एकदाही क्षमा मागितली नाही. मागायचं कारणच नव्हतं, असं समजत होतो.

बाबा कुठे मेले, काका? नदीत की शेडमध्ये?

बारक्या

३ एप्रिल

बारक्या,

हे सूनबाईला दिलं नाही. भिंग लावून स्वतः लिहितोय, तीन दिवस लागले.

शेडमध्ये.

दादा होडीत बसून आसन बसवत होता. मी पुढच्या भागात त्याला न विचारता चाळीसेक खिळे मारले होते. चांगले मारले होते. पंधरा वर्षं त्याच्या हाताखाली रंधा ओढला, म्हटलं, आता तरी बघेल. त्याने बघितलं. पक्कड घेतली आणि एकेक खिळा उपटायला लागला. तेवढ्यात तो नावाडी मोडलं वल्हं घेऊन आला. दादा त्याला म्हणाला, "बघ, माझ्या भावाला देवाने हात दिले, पण उलटे लावले." दोघं हसले. दादा मोजत होता, एक, दोन, तीन, आणि खिळे माझ्या पायांपाशी टाकत होता. नावाडी निघून गेला. दादा मोजतच राहिला. एकतिसाव्याला मी मोठी मोगरी उचलली.

एकच घाव मारायचा होता. पण तो पडला आणि माझ्याकडे बघत राहिला. मग मी थांबलोच नाही. तो होडीत आडवा होता, मी वरून मारत होतो. काही त्याला लागले, काही होडीला. त्या बरगड्या तशा मोडल्या. किती मारले, मोजले नाहीत.

दिवेलागणीला त्याला पाण्यात सोडला. होडी फळ्यांच्या चवडीमागे उभी केली, वर भुसा ओतला. सकाळी प्रेत सापडलं, लोक जमले. विचारलं, होडी कुठाय? मी म्हटलं, बुडाली, मी पाहिली. कुणी बुडवली? समोर तो नाव ओढत होता. माझं बोट तिकडे गेलं. एवढंच केलं मी. बाकी लोकांनी केलं.

नाही, एवढंच नाही. तो ओरडत होता, शेडमध्ये बघा म्हणून. कुणीतरी खरंच वळलं असतं. आणि तू माझ्याकडे टक लावून बघत होतास, दादाच्याच डोळ्यांनी. मला वाटलं, तुझ्या हातून गेला की तू जन्मात कधी विचारणार नाहीस. म्हणून दगड दिला.

महिन्याने होडी दुरुस्त केली, आकडा काढला, रंग दिला, वरच्या अंगाला देऊन टाकली. जाळायला हवी होती. हात होईना. त्याने बांधलेल्यांत ती सगळ्यात देखणी होती. आणि खिळे मारताना वाटलं, आता उपटणारा कोणी नाही.

तुझ्यावर माया केली ती खोटी नव्हती. मी चौऱ्याहत्तरचा आहे, बारक्या. किती दिवस राहिलेत? पत्र वाचून फाडून टाक. मी गेल्यावर काय लिहायचं ते लिही.

काका

१७ एप्रिल

तीर्थरूप काका,

नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी शेड उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. देवासमोर बसत होतो आणि एकच मागत होतो, की हे माझ्याकडून काढून घे, दुसऱ्या कुणाला दे. बायको सकाळी चहा ठेवून जायची आणि तासाभराने तो थंडगार उचलून न्यायची. चौथ्या दिवशी तिने कप उचलला नाही. म्हणाली, "त्या बाई वीस वर्षं थांबल्या. अजून किती थांबवायचंय?" मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने माझा धुतलेला सदरा काढून ठेवला.

तुम्ही माया केलीत हे मला माहीत आहे. तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलात. पहिली पटाशी तुम्ही घेऊन दिलीत, मूठ माझ्या हाताला बसेल अशी घासून. हे मी विसरणार नाही, आणि जिथे विचारतील तिथे सांगेन. पण मी तुमचं हे एक ऐकू शकत नाही. तुम्ही गेल्यावर लिहिलं तर तुम्हाला काहीच विचारता येणार नाही. त्या बाईंच्या वडिलांना कुणी काही विचारलं नाही, तसंच ते होईल.

दाखला मी डाव्या हाताने लिहिला, तुम्ही जसं शिकवलंत तसा, जेवढं लाकडात दिसतं तेवढंच:

"लांबी सोळा फूट, बरगड्या सत्तेचाळीस, देवदार. बांधणी अडतीस वर्षांपूर्वी, आमच्या शेडमध्ये, माझ्या वडिलांच्या हातची. ओळख: बरगड्यांमधलं मुठीचं अंतर, आतला हिरवा रंग. ही होडी कधीही बुडालेली नाही. बाहेरून धडक बसल्याची खूण नाही. बरगड्या सात, आठ, नऊ आतल्या बाजूने मारलेल्या घावांनी मोडल्या. त्या बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर डावखुऱ्या कारागिराने बदलल्या व आकडा काढला. तो कारागीर माझा चुलता."

पहिली प्रत घेऊन मी पलीकडे गेलो. अकरा वर्षांचा असताना गेलो होतो, त्यानंतर आत्ताच. बाई पायऱ्यांवर भेटल्या. त्यांनी दाखला उभ्यानेच वाचला, एकदा वेगाने आणि एकदा सावकाश. मग घडी घालून ब्लाउजच्या आत ठेवला. मी म्हटलं, "अजून एक आहे, ते लाकडात दिसत नाही. शेवटचा दगड माझा होता." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. तुम्हाला खांद्यावर उचललं होतं." मला वाटलं, त्या निदान थोबाडीत मारतील. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी मारलं नाही. क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग हेही लिहून द्या. मला नको. जिथे द्यायचं तिथे."

धाकटा परत आला तर मी शेडमध्येच असेन. होडी आता तिथे नाही, त्याला सांगा. ती पुरावा म्हणून पोलीस ठाण्याच्या आवारात ठेवली आहे, ताडपत्रीखाली.

काल सकाळी मी ठाण्यात गेलो. दाखल्याची दुसरी प्रत आणि तुमचं तीन तारखेचं पत्र फौजदारापुढे ठेवलं. पोरगेलासा आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पाणी मागवलं, माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. म्हणाला, "यात तुमच्या दगडाचाही उल्लेख आहे. हे पान बाजूला ठेवायचं का? तुम्ही लहान होता." मी म्हटलं, पान आतच राहू द्या. मग त्याने माझा जबाब घेतला. वय विचारलं, किती पावलांवरून मारला ते विचारलं, कुठे लागला ते विचारलं. मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं, आणि खाली मी सही केली.

बारक्या